चोरीचा मामला

सेनेर्ग सोडलं तेव्हा पठारावर लख्ख ऊन होतं आणि वाट सपाट होती. नऊ-दहा किलोमीटर तर चालायचं, त्यात काय एवढं, असं म्हणत मी काठी पाठपिशवीला अडकवून टाकली होती. दोन तासांनी ती मुकाट्याने सोडवून हातात घ्यावी लागली. पठाराची कड आली आणि वाट एकदम खाली सुटली. दोन्ही बाजूंना चेस्टनटची जुनी, पोटात ढोली पडलेली झाडं, पायाखाली त्यांची काटेरी बोंडं आणि पापुद्र्यांसारखे सुटणारे शिस्टचे चपटे दगड. आदल्या रात्री पाऊस झालेला. गुडघे बोलायला लागले. आणि गाव? गावाचा पत्ताच नाही. नकाशा म्हणत होता अर्धा किलोमीटर, समोर मात्र दरीपलीकडचं रान तेवढं दिसत होतं. मग एका वळणावर थेट पायाखालीच छपरं आली. करड्या खवल्यांची, एकमेकांना खेटलेली, आणि त्यांच्या मधोमध तीन मनोरे. इतक्या लहान गावाला इतकं मोठं चर्च कशाला, हा प्रश्न तिथेच पडतो. त्याचं उत्तर मात्र बरंच लांबचं आहे आणि ते एका चोरीपाशी जाऊन थांबतं.

गावाचं नाव काँक. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या आवेरों जिल्ह्यात, जुन्या रुएर्ग प्रांतात, रोदेझ शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. वस्ती तीनशेच्या आत. २०१६ पासून शेजारची तीन गावं जोडून ‘काँक-आँ-रुएर्ग’ अशी एकत्र ग्रामपंचायत झाली आहे, पण पाहुणे विचारतात ते जुन्या काँकलाच. ऊश नावाचा ओढा पूर्वेकडून येतो आणि गावाखाली दूर्दू नदीला मिळतो. या दोघांनी मिळून पठाराला खोल कापलं आहे आणि त्या कापाच्या उन्हाकडच्या उतारावर गाव टांगलेलं आहे. ‘टांगलेलं’ हा शब्द मी जपून वापरते आहे. इथल्या कित्येक घरांत वरच्या गल्लीतून शिरलं की आपण माळ्यावर असतो आणि खालच्या गल्लीतून शिरलं की तळघरात. लॅटिनमध्ये शिंपल्याला ‘कोंका’ म्हणतात. दरीचा आकार शिंपल्यासारखा खोलगट, म्हणून गावाचं नाव काँक, असं सांगतात. गंमत अशी की इथून पुढे स्पेनमधल्या सांतियागोला चालत जाणारे यात्रेकरू ज्या शिंपल्याची खूण पिशवीला बांधतात, त्याच्याशी या नावाचा काही संबंध नाही. दोन शिंपले योगायोगाने एकाच वाटेवर आले.

दूर्दूचं पाणी मी पाहिलं त्या दिवशी विटकरी लाल होतं. पावसाने गढूळ झालं असेल असं वाटलं, पण तो गढूळपणाचा रंग नव्हता. वरच्या अंगाला मार्सियाकच्या आसपास लोखंडाने माखलेला तांबडा वालुकाश्म आहे. पाऊस पडला की नदी तो रंग घेऊन खाली येते. त्याच तांबड्या मातीत मार्सियाकची वाइन पिकते. तिची मुख्य द्राक्षं इथे ‘मांस्वा’ म्हणून ओळखली जातात आणि १९९० पासून या वाइनला नाव राखून ठेवण्याचा सरकारी मान मिळाला आहे. काँकच्या उतारांवरही एके काळी पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे होते. आज तिथे रान माजलं आहे आणि पायऱ्यांचे बांध झुडपांतून बरगड्यांसारखे दिसतात.

चेस्टनटचं तसं नाही. ही झाडं टिकून आहेत. या खडकाळ, आंबट मातीत गहू नीट येत नसे, तेव्हा गरिबाच्या घरी पोट भरायचं ते चेस्टनटने. फ्रेंचमध्ये या झाडाला ‘भाकरीचं झाड’च म्हणत. पण ओली फळं टिकत नाहीत. म्हणून शेतात छोटी दगडी खोपटं बांधायची. खाली मंद धुमसती शेकोटी, वर फटी ठेवलेला लाकडी माळा, त्या माळ्यावर फळं पसरायची आणि कित्येक दिवस धुराने वाळवायची. इथल्या ऑक्सितान बोलीत त्या खोपटाला सेकादू म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चोरी.

आठव्या शतकाच्या शेवटी दादों नावाचा एक बैरागी या दरीत येऊन राहिला. त्याच्याभोवती माणसं जमली, मठ झाला आणि ८१९ साली सम्राट लुई याच्या सनदेत त्याची नोंदही झाली. राजाश्रय मिळाला, जमिनी मिळाल्या. एकच गोष्ट नव्हती. त्या काळातल्या मठाला नाव हवं तर त्याच्याकडे कुणा मोठ्या संताच्या अस्थी हव्यात. अस्थी असल्या की चमत्कार होतात, चमत्कार झाले की लोक येतात, लोक आले की दान येतं. काँकच्या साधूंनी आधी दोन वेगवेगळ्या संत व्हिन्सेंटच्या अस्थी मिळवायची खटपट केली, ती साधली नाही. तेवढ्यात फिजाकला, सोयीच्या मोकळ्या दरीत, दुसरा मठ उभा राहिला आणि मोठा कोण, धाकटा कोण यावरून दोघांत जुंपली. ते भांडण अकराव्या शतकाच्या अखेरपर्यंत चाललं. अडचणीच्या दरीतला मठ रिकामा पडायची वेळ आली होती.

पश्चिमेला, काही दिवसांच्या वाटेवर, आझाँ शहर होतं. तिथे सेंत फ्वा हिची कबर होती. फ्वा म्हणजे श्रद्धा. साधारण बारा वर्षांची मुलगी, रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात, परंपरेनुसार ३०३ साली, देवांना नैवेद्य दाखवायला नकार दिला म्हणून तिला तापल्या लोखंडी जाळीवर टाकलं आणि मग तिचा शिरच्छेद केला. काँकने आपला एक साधू आझाँला धाडला. कथेत त्याचं नाव आरिविस्कुस. तो तिथल्या चर्चमध्ये राहिला, सगळ्यांत मिळूनमिसळून वागला, आणि वर्षं गेली. दहा वर्षं, असं कथा म्हणते. शेवटी त्याच्याच हाती कबरीची राखण आली. मग जानेवारीतल्या एका सणाच्या रात्री, बाकी मंडळी पंगतीला बसली असताना, त्याने कबर फोडली, अस्थी पोत्यात भरल्या आणि काँकची वाट धरली. साल ८६६च्या आसपासचं. पाठलाग झाला, पण तो सापडला नाही.

दहा वर्षं! एवढ्या धीराने तर लोक पीएचडीही करत नाहीत.

मराठीत आपण म्हणतो, चोरीचा मामला आणि हळूहळू बोंबला. काँकने नेमकं उलटं केलं. साधूंनी ही हकिगत स्वतः लिहून ठेवली, पद्यातही बांधली आणि अस्थी आल्या त्या दिवसाचा उत्सव केला. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. संत सर्वशक्तिमान. तिला यायचं नसतं तर ती हललीच नसती. आली, त्या अर्थी तिची इच्छा होती. त्या काळात अशा पवित्र चोऱ्या युरोपभर झाल्या आणि बहुतेकांनी हेच कारण पुढे केलं. आझाँचं काय? आझाँ आज सुकवलेल्या आलुबुखारांसाठी प्रसिद्ध आहे.

संत आली आणि काँकचं दैव फिरलं. गिबेर नावाच्या एका माणसाचे उपटलेले डोळे तिने परत दिले, ही कथा दहाव्या शतकाच्या अखेरीस सगळीकडे पसरली. त्याहून मोठी तिची ख्याती म्हणजे कैद्यांना सोडवणारी. मूर लोकांच्या तुरुंगातून, सरदारांच्या तळघरातून सुटलेले लोक आपल्या बेड्या घेऊन चालत यायचे आणि चर्चमध्ये टांगायचे. इतक्या जमल्या की त्यांचं लोखंड वितळवून गर्भस्थानाभोवतीची जाळी केली, अशी परंपरा आहे. ती जाळी आजही जागेवर आहे. तिच्या वेटोळ्यांत हात घातला तर लोखंड थंडगार आणि खडबडीत लागतं.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते आंजेच्या बर्नारमुळे. आंजे उत्तरेकडचं शहर, बर्नार तिथल्या कॅथेड्रलच्या शाळेतला शिक्षक, शिकलेला, शहाणा आणि थोडा फटकळ. १०१३च्या सुमारास तो काँकला यायला निघाला. वाटेत ओरियाक इथे त्याने एका संताची सोन्याची मूर्ती पाहिली आणि सोबत्याकडे बघून हसला. मूर्तीपुढे नाक घासणारे हे लोक आणि जुपिटरला पुजणारे रोमन, यांत फरक काय, असा त्याचा रोख होता. काँकला सेंत फ्वाची मूर्ती पाहिल्यावरही त्याचं तेच मत. त्या गर्दीत, भाजलेल्या चेहऱ्याच्या शेतकऱ्यांच्या मध्ये उभं राहून त्याने मनातल्या मनात नाक मुरडलं. पण चमत्कारांच्या हकिगती ऐकता ऐकता तो विरघळला, आणखी दोनदा आला आणि तिच्या चमत्कारांच्या पोथीचे पहिले दोन भाग त्यानेच लिहिले. स्वतःचं आधीचं हसणंही त्याने त्यात लपवलं नाही. मला तो आवडतो तो त्यामुळे.

त्याच्या पोथीतली फ्वा कुणी गंभीर, दुःखी हुतात्मा नाही. बारा वर्षांचीच मुलगी आहे ती. हट्टी, खोडकर, आणि दागिन्यांची भारी हौस असलेली. तुलूझच्या काउंटच्या बायकोला, आर्सांदला, ती स्वप्नात दिसते आणि तुझ्या हातातले सोन्याचे कडे मला दे म्हणते. आर्सांदही काही कमी नाही. मुलगा दे, कडे घे, असा सौदा ती करते. कडे आले, मुलगे झाले. अंगठी द्यायचं कबूल करून ती न देणाऱ्या बायकांची बोटं सुजतात. गावचे लोक या प्रकारांना फ्वाच्या ‘थट्टा’ म्हणत, असं बर्नार नोंदवतो. कुणाच्या हातातलं सोनं आपल्या मूर्तीवर कसं यायचं, ही कला या गावाला चांगली अवगत होती, असंही म्हणता येईल. पण ते म्हणायला बर्नार धजला नाही, आणि मलाही मूर्ती पाहिल्यावर म्हणवेना.

मूर्ती चर्चशेजारच्या संग्रहात, काचेत, मंद उजेडात बसलेली आहे. उंची जेमतेम ८५ सेंटिमीटर. आतून लाकूड, वरून सोन्याचा पत्रा. मी दारातून पाहिली तेव्हा आधी दागिनेच दिसले. पाचू, गोमेद, स्फटिक, मोती, आणि त्यांच्यात रोमन काळातले कोरीव खडे, ज्यांच्यावर चक्क रोमन देवतांच्या आकृती आहेत. ज्याने जे दिलं ते शतकानुशतकं तिच्यावर जडवत गेले. सिंहासनावर स्फटिकाचे गोळे नंतरचे, पुढे केलेले हातही नंतरचे. बोटांत बारीक नळ्या आहेत, त्यांत फुलं खोवायची. हे सगळं बघून झालं की नजर चेहऱ्यावर जाते आणि काहीतरी खटकतं. शरीराच्या मानाने डोकं मोठं. हनुवटी जड. मान किंचित मागे झुकलेली, त्यामुळे ती आपल्याकडे बघत नाही, आपल्या डोक्यावरून पलीकडे बघते. डोळे निळ्या-पांढऱ्या काचेचे. हा मुलीचा चेहरा नाही.

तो नाहीच. १९५४-५५ साली मूर्ती दुरुस्तीसाठी उघडली तेव्हा तज्ज्ञांनी खात्री केली, की मुखवटा उत्तर-रोमन काळातला आहे, चौथ्या-पाचव्या शतकातला, मूर्तीच्या धडापेक्षा कितीतरी जुना आणि बहुधा एखाद्या सम्राटाचा. म्हणजे ज्या सत्तेने त्या मुलीला जाळीवर टाकलं, तिचाच सोन्याचा चेहरा तिच्या धडावर बसवला. ज्याने बसवला त्याला हे कळत होतं का, कोण जाणे. त्याला सोनं दिसलं असेल. पण मी तिथे बराच वेळ उभी राहिले. काचेपलीकडे तीन शाळकरी मुली आपापसात कुजबुजत होत्या. त्यांतली एक मान मागे झुकवून, डोळे वटारून, मूर्तीची नक्कल करून दाखवत होती. फ्वाला ती थट्टा नक्की आवडली असती.

त्याच संग्रहात सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीने मढवलेलं एक मोठं ‘ए’ अक्षर आहे. सम्राट शार्लमेनने आपल्या राज्यातल्या मठांना एकेक अक्षर दिलं आणि सर्वांत श्रेष्ठ म्हणून पहिलं काँकला दिलं, अशी आख्यायिका आहे. वस्तू शार्लमेननंतर काही शतकांनी घडवलेली आहे, हे कुणीच नाकारत नाही. पण आख्यायिका पाटीवर लिहिलेली आहे, ठळक अक्षरांत.

लोक वाढले तसं चर्च पुरेना. अकराव्या शतकाच्या मध्यात मठाधिपती ओदोल्रिक याने नवं बांधकाम सुरू केलं आणि बाराव्या शतकाच्या आरंभापर्यंत, बेगों तिसरा याच्या काळात, मुख्य काम होत आलं. डोंगराने लांबी वाढू दिली नाही, म्हणून त्यांनी उंची वाढवली. मधल्या दालनाचा माथा जमिनीपासून २२ मीटरवर आहे आणि दालन अरुंद असल्यामुळे आत शिरताच मान आपोआप वर जाते. दगडांत तीन रंग आहेत. स्थानिक करडा शिस्ट, तांबडा वालुकाश्म आणि पिवळसर मऊ दगड, जो कोरायला सोपा. गर्भस्थानाच्या मागून फिरून जाणारी प्रदक्षिणेसारखी वाट आहे. साधूंची प्रार्थना न मोडता यात्रेकरूंनी अस्थींचं दर्शन घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडावं ही तिच्यामागची व्यवस्था. खांबांच्या माथ्यांवर दोनशेहून जास्त कोरीव शीर्षं आहेत. मी मोजायला सुरुवात केली आणि तिसाव्याला सोडून दिलं.

खरी बैठक मारायची ती मात्र बाहेर, पश्चिमेच्या दारासमोर. दरवाजावरच्या अर्धवर्तुळात अखेरच्या न्यायाचा देखावा कोरलेला आहे. रुंदी ६.७० मीटर, उंची ३.६० मीटर, आणि आकृत्या १२४. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं काम. खोल कमानीच्या आडोशामुळे पाऊस लागला नाही, म्हणून निळ्या-लाल रंगाचे डाग अजून शिल्लक आहेत. समोर चौकात एक दगडी कठडा आहे. त्यावर बसून, डब्यातलं चीज खात, मी दोन तास ते ‘वाचलं’.

मध्ये ख्रिस्त. त्याचा उजवा हात वर, डावा खाली. वर केलेल्या हाताच्या बाजूला स्वर्ग, आणि खरं सांगायचं तर स्वर्ग कंटाळवाणा आहे. सगळे नीटनेटके, रांगेत, शांत. तरी त्या रांगेत एक गमतीशीर गृहस्थ आहेत. अंगावर राजवस्त्र, पण चाल ओशाळलेली, आणि पुढच्या मठाधिपतीने त्यांना हाताला धरून ओढत नेलेलं. ते शार्लमेन. स्वतःच्या बळावर स्वर्गात जाण्याइतकी पुण्याई नव्हती, काँकला दान दिलं म्हणून आत घेतलं, हा संदेश चौकात जमलेल्या प्रत्येक सरदाराला कळावा असाच कोरला आहे. त्याच्या थोडं खाली एका कोपऱ्यात फ्वा गुडघ्यांवर वाकलेली, ढगातून आलेला देवाचा हात तिच्या मस्तकावर, आणि तिच्यामागे तुळईला टांगलेल्या बेड्या. बाराव्या शतकातल्या शिल्पकाराने आपल्याच चर्चमधलं रोजचं दृश्य तिथे कोरलं.

मधोमध, ख्रिस्ताच्या पायांखाली, पापपुण्याचा तराजू. एका बाजूला देवदूत मायकेल, दुसऱ्या बाजूला सैतानाचा हस्तक, दोघांचे चेहरे समोरासमोर. आणि हस्तकाचं एक बोट हळूच पारड्यावर. बाजारात भाजीवाल्याने काटा मारताना नेमकं असंच करावं.

नरक मात्र भरगच्च आहे. त्याच्या दाराशी एक राक्षसी मासा तोंड वासून बसलेला, आणि एक सैतान माणसांना ढकलून त्या जबड्यात कोंबतो आहे. आत घोड्यासकट कोसळलेला सरदार, गळ्यात पैशांची थैली बांधून फाशी दिलेला कंजूष, जीभ उपटली जाणारा खोटारडा. जाळ्यात अडकलेले धर्मगुरू आहेत, त्यांतल्या एकाच्या हातात धर्माधिकाऱ्याची काठीसुद्धा आहे. मठाच्या पैशाने कोरलेल्या शिल्पात मठवाल्यांनाच नरकात टाकायचं धाडस मला फार मोलाचं वाटलं. एका सळईवर माणूस बांधून भाजला जातो आहे आणि त्याला भाजणाऱ्यांतल्या एकाला लांब कान आहेत. ससा. चोरून शिकार करणाऱ्याला सशाने भाजावं, असा त्याचा अर्थ बहुतेक वाटाडे सांगतात. एका बाजूला खोटी नाणी पाडणारा बसला आहे, अवजारांसकट, आणि त्याला वितळलेला धातू पाजला जातो आहे. 

आणि कमानीच्या बाहेरच्या कडेवर, सगळ्यांत वर, काही चेहरे. फक्त डोकी आणि बोटं. दगडाची पट्टी जणू पडद्याची किनार, आणि तिच्याआडून ते डोकावून बघताहेत. फ्रेंचमध्ये त्यांना ‘कुतूहलवाले’ म्हणतात. ते स्वर्गातले नाहीत, नरकातलेही नाहीत. दोन तास कठड्यावर बसलेल्या माझ्यासारखेच.

हे वैभव फार टिकलं नाही. सांतियागोची यात्रा ओसरली, साथी आल्या, मठाचे साधू जाऊन त्यांच्या जागी पगारी पुरोहित आले. १५६८ साली प्रोटेस्टंट सैनिकांनी चर्च पेटवलं. गर्भस्थानाचे खांब तडकले आणि त्यांना आधार द्यायला मध्ये भिंती घालाव्या लागल्या. पुढची दोन शतकं काँक म्हणजे आडबाजूचं एक गरीब गाव.

मग राज्यक्रांती आली. चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली आणि सोनंचांदी वितळवायला न्यायची माणसं गावोगाव फिरू लागली. काँकचा खजिना त्यांच्या यादीत असणारच. ती माणसं येऊन पोचण्याआधी गावकऱ्यांनी खजिना वाटून घेतला. कुणी घरात, कुणी बागेत पुरून, आणि कुणी सेकादूमध्ये, वाळत टाकलेल्या चेस्टनटच्या ढिगाखाली. सोन्याचे पत्रे धुरात, काळ्या फळांखाली. गलका उडवून दिला की चोर येऊन सगळं घेऊन गेले. पुढे दिवस निवळल्यावर ज्याच्याकडे जे होतं ते त्याने आणून दिलं. घरात खायला नीट नव्हतं अशी ती माणसं, आणि हातात सोनं आलेलं, आणि विचारणारं कुणी नाही. फ्रान्समध्ये मध्ययुगातले इतके संपूर्ण खजिने बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यांतला एक या उतारावरच्या खोपटांमुळे.

१८३७ साली प्रॉस्पेर मेरिमे इथे येऊन पोचला. ‘कारमेन’ लिहिणारा तोच, पण तेव्हा तो ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी निरीक्षक म्हणून देशभर फिरत होता. एवढ्या आडरानात एवढं काही सापडेल अशी त्याची कल्पना नव्हती. चर्च त्या वेळी पडायला आलं होतं. मठाच्या आवारातली ओवऱ्यांची चौकट जवळपास नाहीशी झाली होती; लोकांनी तिचे दगड घरांना लावले होते. मेरिमेच्या अहवालाने पैसा आला, दुरुस्ती सुरू झाली. दर्शनी बाजूचे दोन मनोरे आज जुने वाटतात, पण त्यांचं वरचं बांधकाम एकोणिसाव्या शतकातलं आहे. १८७५ साली दुरुस्ती चालू असताना गर्भस्थानाच्या भिंतीत एक कातडी पेटी सापडली, मिन्याच्या चकत्या जडवलेली. आत अस्थी होत्या. संकटाच्या कुठल्यातरी काळात कुणीतरी फ्वाला भिंतीत चिणून ठेवलं होतं आणि मग ते ठाऊक असणारी माणसं संपून गेली. आझाँहून चोरून आणलेली मुलगी अशी स्वतःच्याच घरात हरवली होती.

रात्री उतरले होते ती यात्रेकरूंची साधी धर्मशाळा होती. मी मांस खात नाही म्हटल्यावर स्वयंपाकघरातल्या बाईंनी खांदे उडवले आणि आलिगो आणलं. घोटलेल्या बटाट्यात ताजं चीज मिसळून लाकडी चमच्याने इतकं ओढायचं की हातभर लांब तार निघाली पाहिजे. बाईंनी उभं राहून ती तार काढून दाखवली, ताटात सोडली, कात्रीने कापली. जेवून होईतो नऊ वाजले आणि सगळे पुन्हा चर्चकडे निघाले.

रात्रीच्या प्रार्थनेनंतर इथले साधू यात्रेकरूंना आशीर्वाद देतात. १८७३ पासून ते प्रेमोंत्रे पंथाचे आहेत. मग एक साधू बाहेर येऊन दारावरचा देखावा हसतखेळत समजावून सांगतो, आणि नंतर ऑर्गन वाजत असताना वरच्या सज्ज्यांत फिरायला मिळतं. मी गेले ते ऑर्गनसाठी कमी, खिडक्यांसाठी जास्त.

पिएर सुलाज रोदेझचा. १९१९चा जन्म. शाळकरी वयात काँकला आला आणि चित्रकार व्हायचं याच चर्चमध्ये ठरवलं, असं तो सांगत असे. पुढे काळ्या रंगाचा चित्रकार म्हणून जगभर गाजला. १९८६-८७ मध्ये सरकारने त्याला चर्चच्या सगळ्या खिडक्या नव्याने करायला सांगितलं. लहान-मोठ्या मिळून १०४. तोवर तिथे विसाव्या शतकातलीच रंगीत, संतांच्या चित्रांची तावदानं होती आणि गावाला ती सवयीची झाली होती. त्यामुळे कुरकुर झाली, आणि ती मला अगदी समजू शकते. काळ्या रंगाचा माणूस आपल्या चर्चमध्ये काय करणार?

त्याने काळाही वापरला नाही, कुठलाच रंग वापरला नाही. त्याला अशी काच हवी होती की जिच्यातून उजेड येईल पण बाहेरचं दिसणार नाही, आणि काचेच्या वेगवेगळ्या भागांतून उजेड कमी-जास्त येईल. अशी काच बाजारात नव्हती. तुलूझचा काचकारागीर झाँ-दोमिनिक फ्लरी याच्यासोबत त्याने शेकडो चाचण्या केल्या. बिनरंगी काचेचे बारीक आणि जाड कण एकत्र भाजून शेवटी हवी तशी काच साधली. १९९४ साली खिडक्या लागल्या. काचेवर फक्त शिशाच्या तिरक्या, किंचित वळलेल्या रेषा. दुपारी मी पाहिल्या होत्या तेव्हा त्या दुधी, जवळजवळ नीरस वाटल्या होत्या. कबूल करते, मनात आलं की बर्नारसारखं आपणही थोडं हसावं.

संध्याकाळी, प्रार्थनेआधी, सूर्य पश्चिमेच्या डोंगरामागे चालला असताना मी आत एकटी बसले होते. दालनाच्या एका बाजूच्या खिडक्या पिवळ्या झाल्या, मग जर्दाळूच्या रंगाच्या. समोरच्या बाजूच्या त्याच वेळी निळ्या. काच तीच, रंग नसलेली. दगडाच्या तीन रंगांवर तो उजेड सरकत होता आणि शिशाच्या रेषा काळ्या होत चालल्या होत्या. सात-आठ मिनिटं असेल. मग सगळं राखाडी झालं आणि कुणीतरी मागे दिवा लावला.

सुलाज २०२२ मध्ये गेला, १०२ वर्षांचा होऊन. आज गावातल्या पाट्यांवर, पोस्टकार्डांवर, दुकानांच्या काचांवर त्याच्या तिरक्या रेषा आहेत. बाहेरून आलेलं आपलंसं करायला काँकला वेळ लागतो, पण एकदा केलं की ते परत मागायची सोय नाही.

सकाळी निघाले ती खालच्या वाटेने. शार्लमेनच्या नावाची गल्ली, बारीची वेस, मग उतार आणि दूर्दूवरचा जुना पूल. त्याला ‘रोमन पूल’ म्हणतात, पण तो मध्ययुगातला आहे. ऑक्सितानमध्ये यात्रेकरूला ‘रोमिउ’ म्हणतात, त्याचं रोमन झालं. सांतियागोच्या फ्रान्समधल्या वाटांना १९९८ साली युनेस्कोच्या वारसायादीत घेतलं तेव्हा चर्चबरोबर हा पूलही यादीत गेला. मधोमध उभं राहिलं तर खाली तांबडं पाणी आणि मागे वळून पाहिलं तर गाव पुन्हा झाडांआड गेलेलं.

पुलापलीकडे वाट सरळ चढते. अर्ध्या चढावर सेंत फ्वाचं एक चिमुकलं देऊळ आहे, शेजारी झरा. त्याचं पाणी डोळ्यांना लावायचं, अशी जुनी रीत. देवळाला एक घंटा आहे आणि चढून आलेल्या यात्रेकरूने ती वाजवायची असते. माझ्या पुढे एक वयस्क जोडपं होतं. आजोबा दोरीला लोंबकळलेच जणू, पण घंटा काही वाजेना. आजींनी त्यांना बाजूला केलं, दोरी एका झटक्यात ओढली. आवाज दरीपलीकडे गेला. पलीकडे, खवल्यांच्या छपरांमधल्या एका खिडकीत, कुणीतरी चादर झटकत होतं. ते थांबलं आणि आमच्या दिशेने हात हलवला.